दगा-भागाबाईचं बाळंतपण

मंगळवार, पोळ्याचा दुसरा दिवस

तापी म्हणाली, मोठी माय, तू रोज लिहीत जा. मी म्हटलं, बाई, मी चौथी शिकलेली, तीही माझ्या माहेरच्या, फोपनारच्या शाळेत. तिथं गुरुजी निम्मा वेळ आम्हाला त्यांच्या केळीला पाणी धरायला पाठवायचे. तर म्हणे, मी घरात नसते तेव्हा मासे काय करतात तेवढं लिही, बाकी तुला वाटेल ते. म्हणून ही डायरी. सुधाकरच्या दुकानातली गेल्या सालची आहे. वर छापलेल्या तारखा खोट्या, मी तिथीनं लिहिते.

तापी म्हणजे माझी नात, माझ्या मुलाची, सुधाकरची मुलगी. शाळेच्या दाखल्यावर तपती आहे. एम.एससी. झाली, मग केरळात जाऊन समुद्राचे मासे पाळायचं शिकली, आणि येताना रेल्वेतून पिशवीत दोन मासे घेऊन आली. नारिंगी रंग, अंगावर पांढरे पट्टे. क्लाउनफिश म्हणतात त्यांना, म्हणजे सर्कशीतला जोकर. जोकर कशाला म्हणायचं, चांगले वरातीला निघाल्यासारखे दिसतात.

मी मोठ्याचं नाव दगा ठेवलं आणि छोटीचं भागाबाई. दगा माझा फोपनारचा चुलतभाऊ होता, असाच पोट पुढं काढून दारात उभा राहायचा. भागाबाई त्याची बायको. तापी हसून हसून खालीच बसली. म्हणे उलटं आहे. ह्यांच्यात मोठी ती बाई आणि छोटा तो पुरुष. जन्मतात तेव्हा सगळे पुरुषच, घरात जो सगळ्यात थोर होतो तो बाई होतो. मग नावं बदलली. आता मोठी ती भागाबाई, छोटा तो दगा. फोपनारलाही खरं तर असंच होतं, आम्ही बोलत नव्हतो एवढंच.

गुरुवार, हरतालिका

उपास आहे, म्हणून बसल्या बसल्या लिहिते. आज बापलेकीची जुंपली.

आमच्या मागच्या खोलीत दोन माग होते. सुधाकरनं वीस वर्षं चालवले. मागच्या साली भंगारात गेले आणि हा कापडाच्या दुकानात नोकरीला बसला. तेव्हापासून त्या खोलीत पाऊल टाकत नव्हता. तापीनं ती झाडून-पुसून माशांच्या टाक्या तिथं मांडल्या. आता सुकलाल चिप्सवाला ती खोली भाड्यानं मागतोय, केळीच्या चिप्स तळायला.

सुधाकर म्हणाला, "बुऱ्हाणपुरात समुद्राचे मासे. समुद्र कुठं आहे ठाऊक आहे का?"

"पप्पा, पानी तो मैं बनाती हूँ ना. त्याचं मीठ येतं, मोजून घातलं की झाला समुद्र."

"मग तुझ्या आईची लोणच्याची बरणीपण समुद्रच."

तापीला हसू आलं पण तिनं दाबलं. मग तो म्हणाला, "मासे पाळणं वेगळं, पोरं वाढवणं वेगळं. ह्यांच्या अंड्यांतून पोरं निघून त्यांच्या अंगावर असे पट्टे आलेले मला दाखव. दिवाळीच्या पाडव्यापर्यंत. सुकलालला तोवर थांबवतो. नाही झालं तर खोली त्याला, आणि तू मुकाट्यानं बी.एड.ला जायचं."

"और हुआ तो?"

"झालं तर बघू."

"बघू नाही. झालं तर खोली माझी."

निर्मला, माझी सून, स्वयंपाकघरातून म्हणाली, "हो म्हणून टाका, भाजी गार होतेय." तो हो म्हणाला की नाही मला ऐकू आलं नाही. पण भाजी वाढून घेतली.

तापी मास्तरीण वाईट नाही होणार. पण ही पोर लहानपणी नदीच्या राजघाटावर ओंजळीत बारके मासे धरून बसायची, उठायचं नाव घ्यायची नाही. वर्गात खडू घेऊन उभी राहिलेली ती मला दिसतच नाही.

बुधवार, गणपती गेले त्याच्या दुसऱ्या दिवशी

अंडी घातली. मी दिलेल्या कौलावर घातली. तापी म्हणाली होती, त्यांना खडबडीत काही तरी लागतं, तर मी गच्चीवरचं जुनं कौल घासून, उकळून दिलं. दोन दिवस दगा ते तोंडानं साफ करत होता. आज दुपारी भागाबाई त्यावर पोट टेकवून हळूहळू फिरली आणि मागं नारिंगी ठिपके चिकटत गेले. मी निर्मलाला हाक मारली, ती पिठाच्या हातानं आली. शेजारच्या आशाबाईंना बोलावलं. सगळ्या उभ्या राहून बघत होतो. आशाबाईंनी हात जोडले, मग काय वाटलं कुणास ठाऊक, पदर सारखा केला.

शुक्रवार

भागाबाई आरामात आहे. दगा दिवसभर परांनी अंड्यांना वारा घालतो. एखादं खराब झालं तर तोंडानं काढून टाकतो. सुधाकरच्या बापानं पाच बाळंतपणांत एकदा पाणी तापवलं होतं, तेही करपवलं. पाणी कसं करपतं मला विचारू नका, त्यांना जमलं.

मंगळवार, पितृपक्ष

अंड्यांत डोळे दिसायला लागले, चांदीच्या टिकलीसारखे. तापी म्हणते आज नाही तर उद्या. कौल उचलून तिनं छोट्या टाकीत ठेवलं, त्या टाकीला बाहेरून काळा कागद लावला. म्हणे दिवस मावळला की एकदम अंधार करायचा, अंधारातच अंडी फुटतात. समुद्रात अंधार असला की बाकीचे मासे पोरांना खात नाहीत, म्हणून देवानं तशी सोय केली आहे.

सुधाकर संध्याकाळी टेप घेऊन खोली मोजायला आला. सुकलालला मापं सांगायची म्हणे. बराच वेळ मोजत होता.

तापीनं लाइट बंद केली, दार लोटलं. मी मागाहून जाऊन टाकीजवळ छोटं निरांजन ठेवलं. लाइट बंदच राहिली, नुसती बोटभर वात. बाळंतिणीच्या खोलीत अंधार ठेवत नाहीत, सटवाई यायची असते, तिला दिसलं पाहिजे. एवढं तापीला कोण सांगणार, आजकालच्या मुली.

गुरुवार

काही नाही. काल पण नाही. निरांजनात तेल घातलं. सुधाकर परत खोली मोजून गेला. खोली काय रोज वाढते?

शनिवार

अंडी पांढरी पडली. सगळी. तापी जेवली नाही. सुधाकर ताटावर बसून म्हणाला, "झालं?" तेवढंच म्हणाला, पण मला राग आला. मी म्हटलं, तूही पहिल्या मागावर पहिला गठ्ठा सगळा फाडला होतास. 

रविवार

लिहायचं नव्हतं, पण लिहिते.

तापी छोटी टाकी पुसत होती. वरच्या उघड्या काठावर काजळी दिसली. तिनं बोटानं पुसून बघितलं.

"मोठी माय, इथं दिवा कोणी लावला?"

"मीच. रोज लावते. का?"

तिनं विचारलं रात्रभर का, मी म्हटलं मग काय अर्धी रात्र लावू, सटवाई घड्याळ लावून येते का. तिनं कपाळाला हात लावला. म्हणे त्यांना एवढासा उजेडही दिवसच वाटतो. अंडी वाट बघत बसली अंधाराची, आणि अंधार झालाच नाही.

 देवाशप्पथ सांगते, सटवाईसाठी केलं होतं. तापी माझ्या गळ्यात पडली आणि हसायलाच लागली, पण डोळ्यांत पाणी होतं. "टेंशन मत ले, मोठी माय. फिर देंगे. दर पंधरा दिवसांनी देतात."

सुधाकर दारात उभा होता, ऐकत होता. म्हणाला, "तिला बोलू नको. आणि ती हिरव्या पाण्याची बाटली उन्हातून काढ, तापली ती." आणि गेला. बाटली खरंच तापली होती.

हिरव्या पाण्याचं सांगायचं राहिलं. ते शेवाळं असतं, त्यावर सुईच्या टोकाएवढे किडे वाढतात. पोरं जन्मली की पहिलं जेवण म्हणजे तेच किडे. मी त्याला पेज म्हणते. थोडी मोठी झाली की आर्टेमिया नावाचे जरा थोर किडे, तो वरण-भात.

गुरुवार, घट बसले

सकाळी घट बसवले आणि दुपारी भागाबाईनं अंडी घातली. मी देवीला म्हटलं, तुझा अखंड दिवा देवघरात राहील, मागच्या खोलीत नाही, तू समजून घे.

सोमवार, पाचवी माळ

सुधाकरच्या सदऱ्याच्या बाहीवर पांढरे डाग. वाळलेला घाम. मी निर्मलाला म्हटलं, नवऱ्याचा सदरा नीट खळबळून धूत जा. ती म्हणाली, कालच धुतला होता. दुकानात पंखा नाही वाटतं.

तापी बाहेरगावी मैत्रिणीकडं गेली होती, उशिरा आली. घाबरी होऊन आली, पाणी बदलायचं राहिलं म्हणून. बघते तर बदललेलं. म्हणे मीच सकाळी केलं असेल, विसरले. एवढ्याशा वयात विसरायला लागली. बदाम भिजवून देते.

शनिवार, दसरा

काल, नवमीला, निघाली.

सगळं सांगते. कौल छोट्या टाकीत ठेवलं. ह्या वेळी सगळी अंधाराची तयारी माझी. खिडकीला सतरंजी, दाराखाली पोतं, आणि टाकीवर माझी गोधडी, जुन्या नऊवारीची, चार पदरी. तापी म्हणाली, "बस, मोठी माय, हवा तरी जाऊ दे." आम्ही दोघी बाहेर ओट्यावर बसलो. दिवेलागणीची वेळ, समोर मुलं आपट्याची पानं आणत होती. सुधाकर दुकानातून लवकर आला होता, म्हणे डोकं दुखतंय. डोकं दुखत होतं तर आत जाऊन पडायचं, तर आमच्याजवळच बसला. मधेच म्हणाला, "एकदा बघ." तापी म्हणाली, "अजून नाही पप्पा." परत थोड्या वेळानं, "हवेचा दगड, तो बुडबुड्यांचा, कौलाच्या खाली ठेवलास ना?" ती म्हणाली, ठेवलाय.

मग तापीनं छोटी बॅटरी घेऊन गोधडीचं एक टोक उचललं आणि वाकून तशीच राहिली. मला वाटलं परत गेलं. तिनं मला ओढून जवळ घेतलं. पाण्यात चांदीची धूळ उडत होती. धूळ नव्हे, पोरं. नुसते डोळे आणि मागं केसाएवढी शेपटी. मोजता येत नव्हती. कौलावर नुसती टरफलं.

 मी पाच जणांना जन्म दिला, सात नातवंडं बघितली, पण असं एकदम घरभर बाळंत झाल्यासारखं कधी वाटलं नाही. निर्मला रडली. सुधाकरनं माझ्या खांद्यावरून बघितलं आणि म्हणाला, "उजेड कमी कर, त्यांना खुपतो."

आज दसऱ्याला सगळ्यांना सोनं वाटलं. एक आपट्याचं पान टाकीच्या काळ्या कागदावर चिकटवलं. ते चालेल, तापी म्हणाली.

मंगळवार

चार वेळा पेज. सकाळची तापी देते, दुपारची मी. ड्रॉपरनं. मला आधी भीती वाटली, हात कापतात. तापी म्हणाली, कापला तर बरंच, सगळीकडं पसरतं.

आशाबाई विचारत होत्या, बारसं कधी. मी म्हटलं आधी पट्टे येऊ द्या, कोण कोणासारखं ते कळू द्या.

गुरुवार, कोजागिरी

दिवाळीपूर्वीची दुरुस्ती म्हणून दुपारभर लाइट नव्हती. हवेचा पंप बंद पडला तर पोरं गुदमरतात, हे मला आता कळतं. मी धावत गेले तर पंप चालू. इन्व्हर्टरची वायर मागच्या खोलीत आली होती आणि माझ्या डोक्यावरचा पंखा बंद. घामानं भिजले. सुधाकरला म्हटलं, इन्व्हर्टरवाल्यानं वायर चुकवली. तो म्हणाला, "हो, चुकवली असेल." दुरुस्त करून घे म्हटलं. "दिवाळीनंतर," म्हणाला.

सोमवार

वाईट दिवस. सकाळी तळाशी बरीच मेलेली. तापी म्हणते हाच कठीण वेळ असतो, बाळपण सोडून मासा व्हायची वेळ, ज्यांना झेपत नाही ती जातात. ती पिचकारीनं एकेक मेलेलं काढत होती आणि तिच्या तोंडाकडं बघवत नव्हतं. "अर्धी गेली, मोठी माय. उरलेली पण गेली तर?"

तेवढ्यात सुकलाल आला. कढई ठेवायची जागा बघायला. माणूस वाईट नाही, घरच्या चिप्सची पुडी घेऊन येतो, पण आज नको होता. म्हणाला, "काकी, मछली तो बहुत कम दिख रही है." तापी उठून गेली. मी म्हटलं, "सुकलाल, तुझ्या पहिल्या चिप्स किती करपल्या होत्या रे?" तो म्हणाला, "काकी, पूछो मत." आणि चिप्स ठेवून गेला.

सुधाकर रात्री जेवताना तापीला म्हणाला, "वरण-भात सुरू केलास का?" माझा शब्द. तिनं मान हलवली. "मग थोडी पेज पण चालू ठेव. सगळ्यांना एकदम वरण-भात जमत नसेल." तापी त्याच्याकडं बघत राहिली. तो कढी वाढून घेत होता.

बुधवार

दुपारी मी एकटीच घरात. पेज आणि वरण-भात दोन्ही घातलं. एक पोरगं काचेजवळ आलं, काळ्या कागदाच्या फटीतून ऊन पडत होतं तिथं. त्याच्या डोक्यामागं पांढरं. मला वाटलं काचेवर मीठ आहे. पुसलं. गेलं नाही. पोरगं वळलं, पांढरं त्याच्याबरोबर वळलं.

मुंडावळ्या बांधल्यासारखा. डोक्यामागून उभा पट्टा.

मी तापीला फोन लावला, घाईत आधी गॅसवाल्याला लागला. तापी बाजारात होती. मी म्हटलं, एकाला आला. ती म्हणाली काय आला. मी म्हटलं पट्टा. मग फोनमध्ये नुसता बाजाराचा आवाज येत राहिला. मग म्हणाली, "मोठी माय, चष्मा घातलाय ना?" मी म्हटलं, दोन घातलेत, माझा आणि तुझ्या आजोबांचा.

ती आली तेव्हा तिघांना आला होता.

मंगळवार, धनत्रयोदशी

दिसतील तितक्यांना पट्टा आला आहे, काहींना दोन. आता ती तळाशी नाही राहत, घोळक्यानं फिरतात. आम्ही टाकीजवळ गेलो की काचेकडं धावतात. धन्वंतरीची पूजा केली, आणि यमाचा दिवा दारात लावला, खोलीपासून चांगला लांब.

शुक्रवार, पाडवा

फराळ झाला, अभ्यंग झालं, तापीनं बापाला ओवाळलं.  मीच बेचैन. पट्टे आले, सगळ्यांनी बघितले, पण ह्यानं खोलीचं नाव काढलं नाही. तापी तर विचारायलाही तयार नाही. म्हणे पप्पांनी बोललं पाहिजे.

अकराच्या सुमारास सुकलाल आला, नवा सदरा, पेढे, आणि मागं त्याचा कामाचा माणूस. "भैया, पाडव्याचा मुहूर्त आहे, आजच कढई ठेवून घेतो."

सुधाकर उठला. "ये," म्हणाला. मागच्या खोलीकडं निघाला. तापीचा रंग उडाला. मी काठी घेऊन मागं गेले.

दारात सुधाकर थांबला. "चप्पल काढ. अत्तर लावलंय का? मग पाण्याला हात लावू नको. हात धू."

सुकलालनं हात धुतले. सुधाकरनं त्याला टाकीजवळ नेलं. "ही बघ. हा पट्टा आधी येतो, डोक्यामागचा. मग कमरेचा. हे पाणी समुद्राचं, पण दर दोन दिवसांनी थोडं बदलावं लागतं, एकदम बदललं तर मरतात. हे हिरवं बघतोस ना, त्यावर ह्यांचं जेवण वाढतं. तेलाचा वास आला तरी पाण्यावर तवंग येतो. तुझी एक कढई तापली तर ही सगळी संपली."

"तो भैया," सुकलाल म्हणाला, "खोली कब खाली करते?"

"खाली कुठं आहे? माणसं राहतात इथं."

"माणसं?"

"तूच बघ."

सुकलालनं बघितलं. पोरं काचेपाशी आली होती, त्याच्या नव्या सदऱ्याकडं. तो वाकला. त्याच्या तोंडावर हसू आलं. "मग मी चिप्स कुठं तळू?"

"फोपनारला तुझ्या सासऱ्याचं खळं मोकळं पडलंय. मी बोलतो."

तापी दाराला टेकून उभी होती. ती पुढं आली, बापाच्या पाया पडायला वाकली. सुधाकरनं तिचा खांदा धरला. "पाया नंतर पड. तो डावीकडचा पंप बघ. आवाज बदललाय."

मला काही ऐकू आलं नाही. सुकलालला नाही. तापीलाही नाही, तिनं कान लावला तरी. तिनं पंप उघडला तर आतलं रबर फाटायला आलं होतं. संध्याकाळपर्यंत बंदच पडला असता.

सुधाकरला हे सगळं कुठून कळलं देव जाणे. खोली मोजता मोजता कानावर पडलं असेल. मी निर्मलाला तेच म्हटलं, तर ती पदर तोंडाला लावून आत गेली.

आता तो खाली मांडी घालून बसला आहे, पंपाला नवं रबर बसवतो आहे. तापी त्याला पाना देते आहे.  पेढे तसेच राहिलेत, आणि दुपारची पेज माझ्याकडं आहे. मी जाते.